वरून आपली गाडी दिसते

कुठूनही सहल करून आलं, की आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ जिन्यात गाठतात आणि आपण जे पाहिलेलं नसतं नेमकं तेवढंच विचारतात. अजिंठ्याहून आलात तर "वेरूळ झालं ना?" महाबळेश्वरहून आलात तर "प्रतापगडावर ढग होते का हो?" आपण म्हणावं, "तो राहिला." मग ते डोळे मिटतात, मान हलवतात आणि सांत्वनाच्या सुरात म्हणतात, "असू दे. होतं असं." बायकोचा या वाक्यावर फार राग आहे. तिच्या मते काशी करून आलेल्या माणसालाही हे गृहस्थ गयेचं विचारतील आणि जिन्यातच पुन्हा पापी करून सोडतील.

मागच्या खेपेला आम्ही रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या, फणसपोळी, कोकमाच्या बाटल्या आणि घामोळं घेऊन परतलो, तेव्हा त्यांनी अर्थातच विचारलं, "दीपगृह पाहिलंत?"

"दीपगृह?"

"किल्ल्यावरचं. 1867 सालचं. मग तुम्ही पाहिलंत तरी काय?"

सालासकट विचारल्यामुळे वार वर्मी लागला. त्या दिवसापासून दीपगृह हे आमच्या घरात प्रेक्षणीय स्थळ राहिलं नाही, ते देणं झालं. पुढच्या मे महिन्यात रत्नागिरीचं ठरलं ते केवळ ही थकबाकी फेडण्यासाठी.

खरं म्हणजे आपण यावं अशी दीपगृहाची मुळीच इच्छा नसते. जगातल्या बाकीच्या इमारती 'या, बसा' म्हणायला बांधलेल्या असतात. ही एकटीच रात्रभर, न चुकता, पगारी माणसं ठेवून 'इथं खडक आहे, लांबून जा' असं सांगत उभी असते. समुद्रावरची माणसं ते निमूट ऐकतात. जमिनीवरची माणसं मात्र पोरंबाळं, चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन थेट तिच्या दारात जातात, आणि दार लावलेलं दिसलं की वर चिडतात.

आमच्या तांड्यात मी, बायको, अकरावीतली मुलगी, मेहुणे, वहिनी आणि मामेसासरे होते. मामेसासरे वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे कुठलाही उजेड दिसला की त्यांना एकच प्रश्न पडतो, "किती वॅट?" दिवाळीच्या पणतीपाशीही ते हा प्रश्न विचारतात. दीपगृहाचं नाव काढल्यापासून त्यांनी मनातल्या मनात हिशोब चालवला होता. घाट उतरेपर्यंत दिव्याची क्षमता पाच हजार वॅटवर गेली, हातखंबा येईपर्यंत दहा हजारांवर, आणि शहरात शिरताना त्यांनी जाहीर केलं, "स्वतंत्र सबस्टेशन असणार. त्याशिवाय शक्यच नाही."

मेहुण्यांचं खातं इतिहासाचं. त्यांना प्रत्येक गोष्टीबद्दल थोडंसं माहीत असतं आणि उरलेलं ते जागेवरच तयार करतात.

आम्ही उतरलो होतो ते घर किल्ल्याच्या अलीकडं, माडांच्या दाटीत. वर कौलं, पुढं सारवलेलं अंगण, मागं विहीर. घरमालक काका सत्तरीच्या पुढचे. अंगात बनियन, खांद्यावर पंचा आणि चेहऱ्यावर 'आली पुण्याची माणसं' हा स्वच्छ भाव.

"काका, इथून दीपगृहाला जायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"कोणाला?"

"आम्हाला."

त्यांनी माझ्याकडं वरपासून पाहायला सुरुवात केली, पोटापाशी बराच वेळ मुक्काम केला आणि म्हणाले, "लवकर निघा."

"तुम्ही तर कितीदा पाहिलं असेल," बायको म्हणाली.

"बघतो आहे की सत्तर वर्षे."

"नाही, म्हणजे वर चढून."

"वर कशाला हो? खालून दिसते की ते."

"पण वरून समुद्र किती छान दिसत असेल!"

"मग इथला काय नासला आहे?"

एवढं बोलून ते नारळ सोलायला गेले. कोकणात उत्साही माणसाला उत्तर देऊन गप्प करत नाहीत, प्रश्न विचारून करतात.

दीपगृह लोकांना बघायला उघडतं ते दुपार कलल्यावर, आणि दिवा लावायची वेळ व्हायच्या आत सगळ्यांना खाली उतरवलं जातं. त्यामुळे सकाळ मोकळी होती. मोकळ्या सकाळीइतका माणसाचा घात दुसरं काही करत नाही. "एवीतेवी वेळ आहे," असं मेहुणे म्हणाले आणि आम्ही टिळक आळीत टिळकांचं जन्मस्थान पाहायला निघालो. मामा कुठलाही फलक मोठ्यानं वाचतात. आधी मराठीत, मग भाषांतर बरोबर आहे का हे तपासायला इंग्रजीत. फलक संपले की ते आग विझवण्याच्या नळकांड्यावरच्या सूचनांकडं वळतात. तिथून पतितपावन मंदिर. तिथं 1931 सालापासून सर्वांना प्रवेश मोकळा आहे, पण आमची चप्पल कोणी सांभाळायची यावरून आमच्याच घरात दोन पक्ष पडल्यामुळे अर्धा तास आमचा कोणाचाच प्रवेश झाला नाही.

मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी राज्यावरून काढून 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि हा राजवाडा त्याला मिळाला 1910 मध्ये. वहिनींना हे ऐकून फार वाईट वाटलं. त्यांच्या फ्लॅटचा ताबा अजून मिळायचा आहे.

"चोवीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "राजाची ही गत, मग आपली काय?"

"त्यानं सोसायटी केली नसणार," मेहुणे म्हणाले. "सोसायटी असती तर दबाव टाकता आला असता."

राजा 1916 साली इथंच वारला, म्हणजे रत्नागिरीत एकूण तीस वर्षं राहिला. एवढा काळ हाताशी असताना तो दीपगृह बघायला गेला होता का, याची कुठं नोंद सापडते का हे मी मुद्दाम शोधत होतो. आमच्या सोसायटीतल्या गृहस्थांची आणि त्याची गाठ पडली नाही, हे त्या दुर्दैवी राजाच्या पत्रिकेतलं एकमेव सुख.

दुपारी काकूंनी वाढलं. तळलेली सुरमई, कालवण, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी. सोलकढी हे पचनाला मदत करणारं पेय आहे असं सांगतात. ती आधी जेवण वाढवायला मदत करते, हे कोणी सांगत नाही. जेवणानंतर "पाचच मिनिटं पाठ टेकू" असं मामा म्हणाले. झोपाळ्यावर मामा, ओटीवर मेहुणे, चटईवर मी. वारा माडांतून येत होता. कोणीतरी गजर लावला होता, तो कोणीतरी बंदही केला. ज्यानं बंद केला तो कोण, यावर पुढं घाट चढेपर्यंत चर्चा झाली.

आम्ही किल्ल्यावर पोहोचलो तेव्हा दार लावून रखवालदार कुलूप ओढून बघत होता.

"वेळ संपली. उद्या या."

"अहो, आम्ही पुण्याहून आलोय," मेहुणे म्हणाले.

"उद्याही पुण्याहूनच आलेले असाल."

या युक्तिवादात कुठं छिद्र आहे ते शोधत मेहुणे बराच वेळ उभे राहिले. मामांनी कुलपावरचं कंपनीचं नाव मोठ्यानं वाचलं. मग सगळ्यांनी बंद दीपगृहापुढं उभं राहून फोटो काढले. "पाहिलंच की हे," वहिनी म्हणाल्या. "कुलूप दिसणार नाही असा काढ, म्हणजे झालं." माझं मन क्षणभर डळमळलं. पण जिन्यातला तो माणूस 'आत भिंग कसं होतं?' असं विचारल्याशिवाय राहणार नाही, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं सूत्रं हाती घेतली. मासे बंद, भात बंद, झोपाळा बंद. पोह्यांवर दिवस काढायचा आणि दुपारी दोनलाच वर जाऊन बसायचं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता रत्नदुर्गावर बसण्यापेक्षा सरळ तव्यावर बसलेलं बरं, निदान तेल तरी मिळतं. किल्ल्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, पण वारा दुपारी त्यातल्या एकाही बाजूनं येत नव्हता. सावली होती ती एका झुडपाची, आणि तीही आधीच एका कुत्र्यानं घेतली होती. मामांना पुढं करून आम्ही त्याच्याशी वाटाघाटी केल्या. शेवटी मामांना डोक्यापुरती सावली मिळाली, पायांचं ज्याचं त्यानं बघायचं ठरलं.

चार वाजायला आले तशी माणसं जमू लागली आणि रांग झाली. आम्ही दोन तास आधी आलो होतो हे रांगेतल्या प्रत्येकाला कळावं, अशी व्यवस्था मेहुण्यांनी केली. ते दर पाच मिनिटांनी कोणालाही उद्देशून न बोलता म्हणत, "दोनपासून बसलोय आम्ही." एक नवं जोडपं होतं. त्यांना वर जाण्याची घाई नव्हती, खाली राहण्याचीही नव्हती. आणि एक आजी होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. त्यांच्या सुनेनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की वर देऊळ आहे.

तिकिटाच्या खिडकीपाशी नवा पेच निघाला. माणशी तिकीट एक, कॅमेऱ्याचं वेगळं.

"मोबाइल म्हणजे कॅमेरा नव्हे," मेहुणे म्हणाले. "मोबाइलमध्ये कॅमेरा असतो. फरक आहे."

"मग मोबाइल खाली ठेवा, कॅमेरा वर न्या," आतला माणूस म्हणाला.

मागून पूर्ण रांगेनं "दोनपासून बसलाय ना तुम्ही? मग आता सरका," असं एका सुरात सुचवलं आणि पैसे भरले गेले.

डोंगरच एवढा उंच आहे, की मनोऱ्याला स्वतःला फार वाढावं लागलेलं नाही. तरीही आत गोल जिना आहेच, आणि गोल जिन्यात माणसाचं वय कळतं. खालच्या वळणावर मी मुलीला इतिहास समजावत होतो. मधल्या वळणावर 'हं' म्हणत होतो. पुढच्या वळणावर आजी मला "बसा जरा," म्हणाल्या आणि पट्टे सावरत पुढं गेल्या. सगळ्यांनी पायऱ्या मोजायच्या हे मामांनी खालीच ठरवलं होतं. त्यांची मोजणी बोलून चालली होती, मेहुण्यांची मनात, आणि वहिनी दोघांच्या मध्ये असल्यामुळे मामांच्या आकड्यात मेहुण्यांचा श्वास मिळवत होत्या. पायऱ्या एकच, जिना एकच, आणि वर आल्यावर आकडे तीन निघाले. मामांनी फेरमोजणीची मागणी केली. मी विरोध नोंदवला, कारण फेरमोजणीला खाली जाऊन पुन्हा वर यावं लागतं.

वर दिव्याच्या खोलीत तिथले एक कर्मचारी माहिती द्यायला उभे होते. बोलणं शांत आणि बेताचं. येणाऱ्या प्रत्येक घोळक्याचे तेच प्रश्न ऐकून त्यांची शांतता पक्की झाली असावी.

"1867 चं," ते म्हणाले.

"म्हणजे बघा," मेहुणे लगेच पुढं झाले, "लोकमान्य लहानपणी याच उजेडात अभ्यास करत असणार!"

"टिळक 1866 साली पुण्याला गेले," मुलगी म्हणाली. आदल्या दिवशी मामांनी वाचलेले फलक तिच्या कानावर सक्तीनं पडले होते. "हे त्याच्यानंतरचं."

मेहुणे गप्प झाले. कर्मचाऱ्यांनी चेहऱ्यावरची घडीही न मोडता म्हटलं, "बरोबरच आहे. ते गेल्यावर दिवा लावणं भागच होतं."

मामा मात्र कधीपासून वळवळत होते. त्यांची वेळ आली होती. "वॅट किती?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराआधीच, "दहा हजार ना?"

कर्मचाऱ्यांनी भिंगाच्या आत बोट दाखवलं. आतला दिवा तळहातावर मावेल एवढा होता. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाची खरी उंची कळल्यावर वधूपित्याच्या चेहऱ्यावर येतो.

"एवढाच?"

"एवढाच. करामत भिंगाची आहे."

मग ते भिंगाबद्दल बोलले आणि पहिल्यांदाच आमच्यातलं कोणी मध्ये बोललं नाही. पूर्वी दीपगृहात कितीही दिवे लावले तरी निम्म्याहून अधिक उजेड आभाळाला आणि जमिनीला जायचा, जिथून जहाजं जात नाहीत. फ्रान्सच्या ऑगस्टीन फ्रेनेल यांनी काचेच्या लोलकांची वर्तुळं एकात एक अशी बसवली, की इकडंतिकडं भटकणारे किरण वळून सगळे एकाच दिशेला निघतात. त्यांचं भिंग 1823 साली तिथल्या कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं आणि मग जगभर गेलं. मोठ्या जुन्या दीपगृहांत टनावारी वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवतात, ते बोटानं ढकललं तरी फिरतं.

"म्हणजे वीज कमी आणि मांडणी जास्त," मुलगी म्हणाली.

मामांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू खात्यातली त्यांची सारी नोकरी तिनं एका वाक्यात रद्द केली. "मांडणी ठीक आहे," ते म्हणाले, "पण दहा हजार असते तर काही बिघडलं असतं का?"

"आणि वीज नव्हती तेव्हा?" बायकोनं विचारलं.

तेव्हा तेल. मद्रासला 1796 साली पहिलं दीपगृह सुरू झालं, तिथं खोबरेल तेलाचे दिवे होते. हे ऐकून वहिनींचा हात आपोआप वेणीकडं गेला. "रात्रभर? रोज?" त्या कळवळल्या. "किती केस झाले असते!"

काचांना आतून पडदे लावलेले होते. वहिनींनी ते कापड हातात घेऊन पाहिलं आणि आमच्या हॉलला चालेल असं बायकोला खुणेनं सांगितलं. पडदे दिवसा बंदच ठेवावे लागतात, कर्मचारी म्हणाले. रात्री आतला उजेड बाहेर फेकणारं भिंग दिवसा बाहेरचं ऊन आत गोळा करतं, आणि दिवाच जाळू शकतं. रात्रभर दुसऱ्यांना वाट दाखवायची आणि दिवसा स्वतःलाच धोका होऊ नये म्हणून पडद्यात राहायचं. आमच्या ओळखीच्या काही पुढाऱ्यांची मला आठवण झाली, पण जागा सरकारी होती म्हणून मी बोललो नाही.

बाहेरच्या सज्जात जायचं दार म्हणजे दाराच्या नावाखाली दिलेली खिडकी होती. एकोणिसाव्या शतकातली माणसं बारीक होती की खिन्न असताना नकाशे काढत होती, कळत नाही. मुलगी सहज गेली. आजी वाकून गेल्या. मी डोकं घातलं, खांदे घातले आणि उरलेल्या भागाशी चर्चा सुरू झाली. "आधी पाय घाला," आतून मामा म्हणाले. "श्वास सोडा," बाहेरून मेहुणे म्हणाले. "काल सुरमई कितवी होती?" बायकोनं मागून विचारलं. शेवटी रांगेतल्या त्या नव्या नवऱ्यानं मला मागून एक मनापासूनचा धक्का दिला. त्याला एकान्ताची गरज होती आणि मी दारात होतो.

बाहेर वारा. खाली दोन तास ज्याची वाट पाहिली तो सगळा इथं वर साठवलेला होता. मेहुण्यांची टोपी अरबी समुद्राकडं निघून गेली. त्यांनी तिच्या दिशेनं हात दाखवून सांगितलं, "ते समोर जे आहे ना, ते आफ्रिका."

"क्षितिज फार तर 36 किलोमीटरवर आहे," मुलगी म्हणाली. "शंभर मीटर उंचीवरून तेवढंच दिसतं. आणि इथून सरळ पश्चिमेला आफ्रिका नाही लागत. ओमान लागतो. दोन हजार किलोमीटरवर."

"तेच ते," मेहुणे म्हणाले.

एकीकडं घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला भगवतीचं देऊळ. खाली मिरकरवाडा बंदर, रंगीबेरंगी ट्रॉलर एकमेकांना चिकटून उभे. पलीकडं मांडवी, त्याच्याही पलीकडं काजळी नदीचं मुख आणि भाट्याचं सुरूचं बन. आणि पश्चिमेला काही नाही, नुसता समुद्र, आभाळाला भिडेपर्यंत. मी खरंच गप्प झालो होतो.

"ती बघा!" मागून वहिनी ओरडल्या. सगळे त्यांच्या बाजूला धावले. देवमासा, पाणबुडी, निदान डॉल्फिन तरी असेल, असं मला वाटलं.

"आपली गाडी! ती, पांढरी. रिक्षाच्या शेजारी."

"कुठंय? हां! हां!" मामा आनंदले. "काच उघडी राहिलीय का बघ रे."

पुढची दहा मिनिटं आम्ही गाडीच पाहिली. आणि आम्हीच नव्हे. सज्जात जितकी म्हणून माणसं होती, ती सगळी समुद्राकडं पाठ करून शहराकडं बघत होती. कोणी आपलं हॉटेल शोधत होतं, कोणी दुपारी जेवलो ती खाणावळ. एक गृहस्थ बायकोला "ते बघ, आपण चुकून वळलो तो रस्ता" असं सांगून जुनं भांडण वरून ताजं करत होते. आजींना देऊळ सापडलं. ते दुसऱ्याच टेकडीवर निघालं. त्यांनी तिथूनच हात जोडले आणि सुनेकडं असं पाहिलं, की ती सून मुक्काम हलेपर्यंत गप्प होती. माणूस एवढा वर चढतो, तो आपण खाली नेमके कुठं असतो ते बघायला. तेवढं सापडलं, की त्याचे पैसे वसूल. जहाजांचे कप्तान दीपगृहाकडं बघून हेच करतात म्हणा, पण ते निदान तिकीट काढून गर्दी करत नाहीत.

वहिनी मेहुण्यांचे फोटो काढत होत्या. मेहुणे आणि बंदर, मेहुणे आणि भाट्ये, मेहुणे आणि माडांत बुडालेलं गाव. शिट्टी झाली, उतरायची वेळ झाली. उतरताना मामांनी पायऱ्या पुन्हा मोजल्या आणि चौथा आकडा निघाला.

रात्री अंगणात बसलो होतो. जेवण पुन्हा मासळीचं झालं होतं, कारण आता कुठंही पोहोचायचं नव्हतं. माडांच्या वर दीपगृहाचा झोत येऊन गेला. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, आणि कप्तान सेकंद मोजून ओळखतात की हे कुठलं गाव, हे कर्मचाऱ्यांनी सांगितलं होतं. मामांनी ताबडतोब मनगटावरचं घड्याळ काढलं. मेहुण्यांनी मोबाइल काढला. वहिनी 'एक हत्ती, दोन हत्ती' पद्धतीनं मोजत होत्या आणि मध्येच डास मारत होत्या. शेवटी मामांच्या हिशोबानं आम्ही रत्नागिरीतच होतो, मेहुण्यांच्या हिशोबानं जयगडला आणि वहिनींच्या हिशोबानं देवगडच्याही खाली. या तिघांच्या हाती एखादं जहाज दिलं असतं, तर त्याचे तीन तुकडे तीन बंदरांत लागले असते.

काका पायरीवर बसून हे सगळं ऐकत होते. आगबोटीच्या काळात मुंबईहून येणारी माणसं हा दिवा दिसला की ट्रंका आवरायला घेत, असं त्यांनी सांगितलं. मग पडावात उतरायचं आणि हलत, भिजत, उलट्या करत धक्क्याला लागायचं.

"तेव्हा कोणी वर चढून बघत नसे," ते म्हणाले. "दिसला म्हणजे झाले."

मग जरा थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं, "आमचे घर दिसले काय वरून?"

"दिसलं ना," मुलगी म्हणाली आणि तिनं वहिनींच्या मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. काकांनी चष्मा लावला. कौलं बघितली. "वळचणीची दोन फुटली आहेत, गडी म्हणत होता ते खरे," ते पुटपुटले. बोट फिरवत विहिरीवर आले, विहिरीवरून परड्यात, परड्यातून मागच्या गडग्यावर. आणि तिथं थांबले. मोबाइल नाकाजवळ नेला. लांब धरला. उठून दिव्याखाली गेले.

"अगो, इकडे ये!" त्यांनी काकूंना हाक मारली. "बघ. बघ! मी काय म्हणत होतो? गडगा सरळ आहे काय हा? फणसापाशी हातभर आत घेतलाय त्याने. खालून कळतच नाही!"

काकूंनी पाहिलं. काकूंनी पदर खोचला. हा दावा काकांच्या वडिलांपासून चालू आहे, असं आम्हाला त्यानंतरच्या तासाभरात समजलं. त्यात मोजणीदार, दोन वकील, एक तोडलेला रातांबा आणि शेजाऱ्याच्या आजोबांचा स्वभाव यांची सविस्तर माहिती होती. दीपगृहाबद्दल सत्तर वर्षांत चार वाक्यं न बोललेला हा माणूस आता त्याची जागा, उंची आणि दिशा यांचं कौतुक थांबवेना.

"ह्याच्या प्रती काढून मिळतील काय?" त्यांनी मला विचारलं. "मोठ्या आकाराच्या. एक कोर्टात, एक वकिलास, आणि एक त्याच्या दारावर डकवतो."

"काढू की. पुण्याला गेल्यावर पाठवतो."

"पुण्याला कधी निघता?"

"उद्या सकाळी."

"छे, छे! उद्या कसले निघता? राहा. खोलीचे पैसे घेत नाही. चारला आपण सगळेच वर जाऊ, मीही येतो. सुरमई नको, भात नको, दोनलाच जाऊन बसू." ते पुन्हा मोबाइलवर वाकले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मेहुण्यांकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग पुन्हा मेहुण्यांकडं. "फक्त ह्यांना मध्ये उभे करू नका. ह्यांच्या डोक्याआड माझे सव्वा गुंठे गेले आहेत."